मत्स्यजिऱ्यांच्या पोटांतील उपकारक जंतु

आपल्या हिंगोली जिल्ह्यांत शेततळें ही आतां नवलाची वस्तु राहिलेली नाहीं. राज्य सरकारची ‘मागेल त्याला शेततळे’ ही योजना सन २०१६ मध्यें निघाली, तेव्हांपासून कळमनुरी, सेनगांव, औंढा, वसमत व हिंगोली या पांचही तालुक्यांत काळ्या रानांतून तीस मीटर लांब, तीस मीटर रुंद व तीन मीटर खोल असे चौकोनी खड्डे जागोजाग दिसूं लागले. प्रस्तुत लेखकानें महसूल खात्याच्या नोकरींत असतां त्यांपैकीं कित्येकांचे कागद स्वहस्तें पुढें सरकविले आहेत. तळें झालें म्हणजे हरभऱ्याला एखादें पाणी देण्यापुरता सांठा हातीं राहतो. आणि तें पाणी उभें आहे तोंवर त्यांत मासे कां सोडूं नयेत, असा विचार प्रत्येक धन्याच्या मनांत येतोच. विचार योग्य आहे. परंतु मासळी विकून किती पैसे झाले याच्या गोष्टी जितक्या पारावर निघतात, तितक्या ती लहानपणीं कां मरते याच्या निघत नाहींत. आणि नुकसान तर बहुतेक सारें तेथेंच होतें.

या विषयावर लिहिण्यास आजच निमित्त घडलें तें असें. आपल्या मंडळाच्या गेल्या बैठकींत अशी सूचना आली कीं, पावसाळ्यापूर्वीं सर्व सभासदांनीं मिळून ‘प्रोबायोटिक’ नांवाची जंतूंची भुकटी घाऊक भावानें मागवावी. तिचा निर्णय पुढील बैठकींत व्हावयाचा आहे. रक्कम लहान नाहीं. भुकटी चांगली कीं वाईट एवढाच हा प्रश्न नसून ती कशासाठीं, केव्हां आणि कोणत्या पाण्यांत घालावयाची, हें समजल्यावांचून हात वर करूं नये, असें माझें मत आहे. हें मत मला फुकट मिळालेलें नाहीं.

तीन पावसाळ्यांपूर्वीं मीं दीड गुंठ्याचें एक उथळ तळें केवळ जिरे वाढविण्यासाठीं खणलें. ज्यांस ठाऊक नसेल त्यांच्याकरितां सांगतों कीं, अंड्यांतून निघून पोटाशीं असलेली बलकाची पिशवी नुकतीच जिरवलेलें माशाचें पिल्लूं जेमतेम पांच-सात मिलिमीटर लांब असतें, आणि तें खरोखरच जिऱ्याच्या दाण्यासारखें दिसतें. म्हणून त्यास मत्स्यजिरे म्हणतात. तेंच पंधरावीस दिवसांत इंचभर झालें म्हणजे त्यास बीज म्हणतात, व दोन-तीन महिन्यांत बोटाएवढें झालें म्हणजे बोटुकली. बोटुकली महाग पडते व जिरे अत्यंत स्वस्त पडतात, या हिशेबानें मीं रोहू, कटला व मृगळ यांचे मिळून पन्नास हजार जिरे आणविले.

नोकरींतील टापटिपीची संवय मला येथें नडली. तळ्याला मीं ब्लीचिंग पावडर मारली, आठ दिवस ऊन दिलें, आणि जिरे येण्याच्या आदल्याच दिवशीं बोअरचें स्वच्छ पाणी भरलें. पाणी आरशासारखें नितळ होतें व त्याचा मला अभिमान वाटला. त्याच पिशव्यांतील पंचवीस हजार जिरे माझ्या धाकट्या भावाच्या विधवेनें घेतले होते. तिनें बचत गटाचें कर्ज काढून माझ्याच सल्ल्यानें खड्डा खणविला होता. परंतु ब्लीचिंगचा खर्च तिला परवडला नाहीं. तिच्या खड्ड्यांत मृगाच्या पावसाचें पाणी तीन आठवडे उभें होतें, त्यावर हिरवट झांक आली होती, आणि कांठाला म्हशी येऊन पाणी पीत. मीं मनांत म्हटलें, हिचे कांहीं वांचत नाहींत.

चवथ्या दिवशीं माझ्या तळ्याच्या कडेला पांढुरका थर दिसूं लागला. तो मेलेल्या जिऱ्यांचा होता. मीं तालुक्याच्या गांवीं एका दुकानांत धांवलों. त्या गृहस्थानें प्रतिजैविकाची पुडी दिली व ती पाण्यांत टाकावयास सांगितलें. एक दिवस मर थांबल्यासारखी वाटली. नंतर जी लागली ती तळें रितें करूनच थांबली. भावजयीच्या खड्ड्यांत मात्र पंधराव्या दिवशीं जाळें फिरविलें तेव्हां निम्म्याहून थोडीं कमी पिल्लें हातीं आलीं, आणि या धंद्यांत हें चांगलें उत्पन्न समजतात. ती एवढेंच म्हणाली, “भाऊजी, तुम्ही पाणी लई धुतलं.”

हें वाक्य मला तेव्हां लागलें. त्याचा अर्थ पुढें वर्षभरानें कळला. इंग्रजीशीं माझें सख्य नाहीं. परंतु पुतणी विज्ञान शाखेंत शिकते, तिनें कांहीं निबंध वाचून त्यांचा मथितार्थ मला मराठींत सांगितला, व जें न समजलें तें आम्ही जाणत्यांस विचारून घेतलें. त्याचें सार पुढें देतों.

मासा अंड्यांतून बाहेर येतो तेव्हां त्याचें आतडें ही एक सरळ, बंद व जवळजवळ निर्जंतुक नळी असते. आपल्या कार्प जातींचें अंडें पावसाळी उष्म्यांत सुमारें पंधरा-अठरा तासांत फुटतें, आणि त्यापुढें तीन दिवस पिल्लूं बलकावर जगतें. या मुदतींत तोंड उघडतें, पाणी आंत शिरूं लागतें, आणि पाण्याबरोबर जंतु शिरतात. तीन दिवसांनंतर पहिला घांस पोटांत जातो. त्या घांसाबरोबर आणखी जंतु जातात. म्हणजे कोऱ्या जमिनीवर पहिला कबजा कोणाचा व्हावा, हें या पांच-सात दिवसांत ठरतें. कबजाची गोष्ट महसुली माणसास निराळी समजावून सांगावी लागत नाहीं: एकदां वहिवाट पडली कीं मागाहून येणाऱ्यास हुसकावून आंत शिरणें कठीण.

आतां मनुष्याच्या किंवा गुरांच्या पिल्लांत दोन पहारेकरी असतात. एक जठरांतील आंबट रस, व दुसरा रक्तांतील प्रतिकारशक्ति. रोहू, कटला, मृगळ या कुळांतील माशांना जठर मुळींच नसतें. घसा संपला कीं आतडें लागतें. ही गोष्ट मला फार नवलाची वाटली. पोटांत आम्लरस नसल्यामुळें जो जंतु आंत शिरला तो जिवंतच शिरला. दुसरा पहारेकरी, म्हणजे ओळखलेल्या रोगाशीं लढणारी प्रतिकारशक्ति, ही तर जन्मानंतर कांहीं आठवड्यांनीं तयार होते. म्हणूनच या वयांत लस टोंचूनही उपयोग नाहीं, आणि एवढ्याशा जीवाला टोंचणार तरी कोठें! राहतां राहिला एकच पहारेकरी: आतड्यांत अगोदर येऊन बसलेले निरुपद्रवी जंतु.

हे जंतु शत्रूला रोखतात तरी कसे? कांहीं नुसती जागा अडवून बसतात. कांहीं आम्ल किंवा इतर मारक द्रव्यें बाहेर टाकतात. लोह हें सर्वच जंतूंस वाढीसाठीं लागतें व तें तेथें अल्प असतें; कांहीं उपकारक जंतु लोह पकडणारें द्रव्य सोडून तें सारें आपल्याकडे ओढून घेतात व दुसरा उपाशी राहतो. शिवाय कांहीं जंतूंच्या पाचक रसांनीं पिल्लास अन्न पचविण्यास हातभार लागतो. यांतील कोणती युक्ति कोणत्या जंतूची, हें प्रत्येक ठिकाणीं सिद्ध झालेलें आहे असें मात्र समजूं नये.

शत्रु कोण, तेंही पाहूं. गोड्या पाण्यांत मुख्य नांव घेतलें जातें तें एरोमोनास हायड्रोफिला या जंतूचें. माशाचें पोट फुगून जलोदर होणें, खवले उभे राहणें, अंगावर व्रण पडणें हीं त्याचीं लक्षणें मोठ्या माशांत आपण पाहतों. जिऱ्यांत लक्षण दिसण्याइतका वेळच नसतो. समुद्रांतील माशांच्या पिल्लांत हेंच काम व्हिब्रिओ जातीचे जंतु करतात. परंतु ध्यानांत ठेवण्याची गोष्ट अशी कीं, एरोमोनास हा परका चोर नव्हे. तो प्रत्येक ओढ्यांत, तळ्यांत, निरोगी माशाच्या पोटांतसुद्धां थोडाफार असतोच. त्याचा निर्वंश करणें शक्य नाहीं. त्यास वाढूं न देणें एवढेंच आपल्या हातीं आहे.

येथेंच माझी चूक उघडी पडते. ब्लीचिंगनें मीं बरेवाईट सर्वच जंतु मारले. नंतर त्या रित्या पाण्यांत दाटीनें जिरे सोडले, वरून शेंगदाण्याच्या पेंडीची पूड टाकली. उरलेलें खाद्य, विष्ठा व मेलेलें पिल्लूं हें जंतूंना आयतें खत झालें. अशा मोकळ्या रानांत प्रथम कोण फोफावतो? जो सर्वांत भराभर वाढतो तो. आणि भराभर वाढणाऱ्यांतच हे संधिसाधु रोगजंतु असतात. सावकाश वाढणारे गरीब जंतु मागें पडतात. प्रतिजैविकानें मीं तोच प्रकार दुसऱ्यांदा केला. क्षणभर रान मोकळें झालें, आणि पुन्हां गाजर गवतच आधीं उगवलें.

आपल्या घरांतील बायका ही गोष्ट रोज रात्रीं करून दाखवीत असतात. तापवलेलें दूध हें जवळजवळ निर्जंतुक असतें. पण तें तसेंच उघडें ठेवलें तर त्यांत काय पडेल व सकाळीं काय होईल याचा नेम नाहीं. तेंच कोमट असतां विरजण लावलें म्हणजे त्यांतील जंतु रात्रभरांत सारें दूध व्यापतात, आंबटपणा आणतात, आणि दुसऱ्या जंतूस थारा मिळत नाहीं. मीं दूध तापवलें, पण विरजण लावलें नाहीं. भावजयीनें दूध तापवलेंच नव्हतें. तिच्या पाण्यांत विरजण आपोआप पडलेलें होतें. हळदीच्या बेण्याला ट्रायकोडर्मा लावणाऱ्या वसमतकडील बागाईतदारांस किंवा सोयाबीनच्या बियाण्याला रायझोबियम चोळणाऱ्यांस हें तत्त्व नवें वाटणार नाहीं. कंदकुजीचा जंतु येण्यापूर्वीं मित्राला पाठवावयाचें, एवढेंच. जिऱ्याचें पोट हेंही एक बियाणेंच समजावें.

पूर्वीं नदींतून जिरे गोळा करीत तेव्हां ही अडचण एवढी तीव्र नव्हती. बंगालमधील नद्यांतून धरलेलें बीज आगगाडीनें इतर प्रांतांत जात असे. पुढें डॉ. हिरालाल चौधरी यांनीं ओरिसांतील अंगुल येथें १० जुलै १९५७ रोजीं पीयूषग्रंथीचा अर्क टोंचून कार्प मासे बंदिस्त पाण्यांत विणविले. त्या दिवसाच्या स्मरणार्थ आपल्या देशांत राष्ट्रीय मत्स्य शेतकरी दिन पाळतात. या शोधामुळें बीज मुबलक झालें, आपल्यासारख्या नदीपासून लांब राहणाऱ्यालाही मिळूं लागलें. परंतु नदींत विरळ असणारीं पिल्लें आतां हौदांत लाखांनीं दाटीत जन्मूं लागलीं, आणि दाटी तेथें रोग, हें कोंबडीवाल्यांस विचारावें.

पोटांतील जंतूंचा विचार मनुष्याच्या बाबतींत प्रथम ठळकपणें मांडला तो पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्यें काम करणाऱ्या मेचनिकॉफ या शास्त्रज्ञानें. त्यास सन १९०८ चें नोबेल पारितोषिक मिळालें तें प्रतिकारशक्तीवरील कामाबद्दल. पण आंबलेल्या दुधांतील जंतु आतड्यांतील कुजविणाऱ्या जंतूंस आवरतात, हें त्याचें म्हणणें त्याच सुमारास गाजलें. माशांकडे ही कल्पना येण्यास बराच काळ लागला. जपानांत १९८६ सालीं कोझासा यांनीं बॅसिलस जातीच्या जंतूचे बीजाणु माशांच्या खाद्यांत घालून पाहिले. फ्रान्समध्यें १९९४ सालीं गातेसूप यांनीं टर्बट नांवाच्या समुद्री चपट्या माशाच्या पिल्लांवर जो प्रयोग केला तो तर फार युक्तीचा होता. एवढ्या लहान पिल्लांस भुकटी चारतां येत नाहीं. तीं जिवंत भक्ष्यच खातात. म्हणून त्यांचें भक्ष्य जे रोटिफर नांवाचे सूक्ष्म प्राणी, त्यांनाच आधीं दह्यांतल्यासारखे दुग्धाम्ल जंतु खाऊं घातले आणि मग ते रोटिफर पिल्लांपुढें सोडले. घांसाच्या आंतच पहारेकरी बसवून पाठविण्याचा हा प्रकार झाला. त्या पिल्लांवर व्हिब्रिओचा मारा केला असतां तीं अधिक तगलीं.

पुढें स्पेनमधील टर्बटच्याच एका उबवणीगृहांतून, जेथें पिल्लें वाढवितात त्या हौदांतून, एक तपकिरी रंगाचा समुद्री जंतु डेन्मार्कच्या संशोधकांनीं निवडून काढला व त्याचें वर्णन २००४ मध्यें प्रसिद्ध केलें. निवड करण्याची रीत समजण्यासारखी आहे. कांचेच्या ताटलींत खळीसारखा थर ओतावयाचा, त्यांत रोगजंतु पसरावयाचा, आणि मधोमध परीक्षेस बसवावयाच्या जंतूचा ठिपका द्यावयाचा. सगळी ताटली रोगजंतूनें गढूळ झाली, पण ठिपक्याभोंवतीं स्वच्छ वलय राहिलें, तर तो जंतु कांहींतरी मारक द्रव्य सोडतो असें समजावें. या जंतूच्या द्रव्याचा पुढें छडा लागला. त्यास ट्रोपोडायथायेटिक आम्ल म्हणतात. मात्र ताटलींतील वलय म्हणजे पोटांतील विजय नव्हे. असे कित्येक जंतु ताटलींत पहिले येतात व आतड्यांत टिकतच नाहींत, आणि एखादा पिल्लांनाच बाधतो. म्हणून दुसरी परीक्षा पिल्लांवर घ्यावीच लागते. कागदोपत्रीं उत्तम दिसणारा उमेदवार कामावर कसा निघतो याचा अनुभव आमच्या खात्यासही आहे.

आपल्या महाराष्ट्रांतही हें काम झालेलें आहे. मुंबईस वर्सोवा येथें सन १९६१ मध्यें स्थापन झालेली केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था आहे. तेथील शास्त्रज्ञांनीं मृगळ माशापासून बॅसिलस सबटिलिस हा जंतु वेगळा केला, तो रोहूच्या बोटुकल्यांस खाद्यांतून दिला, आणि मग त्यांवर एरोमोनास हायड्रोफिलाचा प्रयोग केला. जंतु खाल्लेले मासे न खाल्लेल्यांपेक्षां अधिक वांचले, असें त्यांनीं २००६ मध्यें प्रसिद्ध केलें. आपल्या दृष्टीनें हें महत्त्वाचें अशासाठीं कीं, मासे आपलेच, रोगही आपलाच, आणि रक्षक जंतुही आपल्याच माशापासून घेतलेला. परंतु बारकाईनें पाहावें: हा प्रयोग बोटुकल्यांवर झाला, जिऱ्यांवर नव्हे, आणि तोही प्रयोगशाळेच्या टाक्यांत, म्हशी पाणी पितात अशा खड्ड्यांत नव्हे.

तिकडे नॉर्वे देशांत त्रोंधाइम येथील मंडळींनीं १९९० च्या दशकांत निराळाच रस्ता धरला. बाहेरून निवडक जंतु आणण्याऐवजीं त्यांनीं पाणीच मुरवलें. गाळलेलें पाणी लगेच पिल्लांना न देतां तें जंतूंची वस्ती असलेल्या गाळणींतून फिरत ठेवलें, म्हणजे सावकाश वाढणारे निरुपद्रवी जंतु त्यांत स्थिर झाले व उपलब्ध खाद्य त्यांनींच खाऊन टाकलें. संधिसाधूंना कांहीं उरलें नाहीं. अशा मुरलेल्या पाण्यांत टर्बट व हॅलिबट यांचीं पिल्लें अधिक चांगलीं निघालीं. पुतणीनें हा मजकूर वाचून दाखविला तेव्हां तिची आई चुलीपाशीं बसली होती. ती हंसली, पण बोलली कांहीं नाहीं.

येथपर्यंतची कथा ऐकून कोणी म्हणेल कीं, मग भुकटी आणावी. त्यांत बॅसिलसच तर असतो. आतां भावजयीच्याच दुसऱ्या वर्षाची हकीकत ऐका. पहिल्या वर्षीं तिला यश आलें हें ऐकून एक फिरता विक्रेता तिच्याकडे आला, आणि “ताई, यंदा दुप्पट काढा” असें म्हणून भुकटीच्या पुड्या देऊन गेला. भुकटी गुळाच्या पाण्यांत व कोंड्यांत दोन दिवस आंबवून तळ्यांत ओतावी, अशी त्याची सांगी होती. तिनें मला विचारलें. मीं स्वतः त्या वेळीं जंतूंच्या ज्ञानानें इतका भारलेला होतों कीं, “ओता, चांगलेंच आहे” म्हणालों. तिनें पांच दिवसांत तीनदां ओतलें, आणि गूळही हात सैल सोडून घातला. सहाव्या दिवशीं आभाळ भरलेलें, वारा पडलेला. पहांटे सारीं पिल्लें पाण्याच्या वर तोंडें काढून होतीं, आणि उजाडेपर्यंत त्यांतील बहुतेक तळाशीं गेलीं. गूळ खाऊन जंतु वाढले आणि वाढलेल्या जंतूंनीं पाण्यांतील प्राणवायु ओढून घेतला. रात्रीं हिरवें शेवाळही प्राणवायूच खातें. ढगामुळें आदल्या दिवशीं तो नीट तयार झालाच नव्हता. मित्र झाला म्हणून तो श्वास घ्यावयाचा थांबत नाहीं. त्या वर्षींचा गटाचा हप्ता तिनें दोन शेळ्या विकून भरला. शेळ्यांची रक्कम मीं देऊं केली ती तिनें घेतली नाहीं.

तेव्हांपासून आम्हीं दोन सिमेंटचे हौद केवळ परीक्षेसाठीं ठेविले आहेत, व वही घातली आहे. आमच्या खात्यांत नोंद नसलेली गोष्ट घडलीच नाहीं असें समजण्याचा प्रघात आहे, आणि येथें तो उपयोगी पडला. गेल्या पावसाळ्यांत प्रथम दोन्ही हौदांत बारा दिवस मुरलेलें हिरवट पाणी घेतलें, सारखे जिरे मोजून सोडले, आणि एकाच हौदाच्या खाद्यांत भुकटी मिसळली. पंधरा दिवसांनीं मोजलें तों दोहोंत सांगण्यासारखा फरक नव्हता. नंतर दुसऱ्या खेपेचे जिरे आणून तोच प्रयोग ताज्या बोअरच्या पाण्यांत केला. यावेळीं भुकटीविना असलेला हौद जवळजवळ रिता झाला, भुकटीच्या हौदांत बरे वांचले. पण मुरलेल्या पाण्यांतील पहिल्या खेपेची बरोबरी त्यांनींही केली नाहीं. मुरलेल्या पाण्यांत जंतूंबरोबर जिऱ्यांचें भक्ष्यही असतें, त्यामुळें यश कोणाचें किती हें मला वेगळें काढतां येत नाहीं. दोन हौदांवरून शास्त्र होत नाहीं हेंही मी जाणतों. तथापि माझा तर्क असा झाला आहे कीं, जेथें रान ओसाड आहे तेथें विकतची वस्ती कांहीं काम करते. जेथें वस्ती आधींच नांदती आहे तेथें आपण पैसे पाण्यांत टाकतों, आणि तेही शब्दशः.

म्हणून मंडळाच्या बैठकीपूर्वीं सभासदांनीं पुढील गोष्टी पाहाव्या असें सुचवितों. भुकटीच्या पुड्यावर जंतूचें पूर्ण नांव, दर ग्रॅममागें जिवंत जंतूंची संख्या, आणि तयार केल्याची व मुदत संपण्याची तारीख आहे कीं नाहीं? केवळ ‘शक्तिवर्धक’ असें छापलेलें असेल तर तो पुडा परत करावा. बॅसिलसचे बीजाणु सुकून व उष्म्यांत टिकतात, म्हणून भुकटींत तेच बहुधा असतात. दह्याच्या जातीचे जंतु दुकानाच्या पत्र्याखालीं मे महिना काढतील असें मला वाटत नाहीं. घरच्या दह्याचें ताक तळ्यांत ओतण्याची जी टूम निघाली आहे, तिच्याविषयीं एवढेंच कीं, दुधांत वाढलेला जंतु माशाच्या आतड्यांत घर करील याची खात्री नाहीं. ब्लीचिंग, पोटॅशियम परमँगनेट अथवा प्रतिजैविक यांच्याबरोबर जंतूंची भुकटी घालणें म्हणजे पाहुण्याला बोलावून दारांतच काठी मारणें होय. आणि प्रतिजैविकांविषयीं तर कायदाही आहे: क्लोरॅम्फेनिकॉल व नायट्रोफ्युरान जातींचीं औषधें मत्स्यपालनांत वापरण्यास आपल्या देशांत बंदी आहे. दुकानदार देतो म्हणून घेऊं नये. मीं घेतलें तेव्हां पुडींत काय आहे हें विचारलेंसुद्धां नव्हतें.

पाणी मुरविण्याची जी रीत आम्ही आतां पाळतों ती थोडक्यांत देतों. दीड गुंठ्याच्या तळ्यास कोरडें असतांच सुमारें ३ किलो चुना फांसावा. पाणी कमरेइतकें घ्यावें, शक्य तर पावसाचें. बोअरचें असेल तर दहा-बारा दिवस अगोदर भरून त्यांत जुन्या निरोगी तळ्याचें चार-सहा घागरी पाणी विरजणासारखें घालावें, मात्र तें दाट कापडानें गाळून, म्हणजे जिरे खाणारे पाणकिडे व रानमाशांचीं पिल्लें त्याबरोबर येणार नाहींत. ज्या तळ्यांत गेल्या वर्षीं रोग झाला त्याचें पाणी घेऊं नये. शेंगदाणा पेंड ११ किलो, ताजें शेण ३ किलो व सुपर फॉस्फेट पाऊण किलो हें एकत्र भिजवून त्यांतील निम्मा भाग जिरे सोडण्यापूर्वीं दोन-तीन दिवस घालावा, आणि उरलेला पुढें दोन-तीन वेळां, पाण्याचा रंग पाहून. हेक्टरी ७५० किलो पेंड, २०० किलो शेण व ५० किलो सुपर फॉस्फेट असें जें प्रमाण सांगतात त्याचाच हा हिशेब आहे. पन्नास लिटर पाणी बारीक जाळीच्या कापडांतून गाळून तळाशीं दोन मिलिलिटरच्या आसपास हलता गाळ जमला, म्हणजे भक्ष्य तयार झालें असें समजावें. जिऱ्यांची पिशवी पंधरावीस मिनिटें तळ्यांत तरंगत ठेवून मग सकाळच्या गारव्यांत तोंड सोडावें. खाद्य कमी पडलें तर उद्यां वाढवितां येतें. अधिक पडलें तें कुजून कोणाच्या उपयोगीं जातें हें वर सांगितलेंच आहे. तळ्याला ब्लीचिंग करावयाचेंच असेल, जुना रोग असेल तर करावेंही लागतें, तर मग भुकटी आणण्यास कांहीं अर्थ आहे. तीही क्लोरीनचा वास पूर्ण गेल्यावर, जिरे येण्यापूर्वीं कांहीं दिवस, आणि गुळावांचून.

ज्यांस याहून खोलांत जावयाचें असेल त्यांना उदगीरचें मत्स्यविज्ञान महाविद्यालय आपणांस फार लांब नाहीं. मेलेले जिरे तेथें दाखवावयाचे असल्यास ते ताजे व बर्फांत न्यावे. सडलेल्या जिऱ्यांत जो जंतु सांपडेल तो मारणारा असेल, कीं मागाहून आलेला, हें सांगणें कठीण.

मंडळानें घाऊक खरेदी करण्यापूर्वीं प्रत्येक तालुक्यांतून दोन-दोन सभासदांनीं असेच दोन हौद भरून पाहावे आणि मंडळानें तेवढ्यापुरतीच भुकटी आणावी, अशी दुरुस्तीची सूचना मी लेखी देत आहें. आमच्याकडील तयारी सुरू झाली आहे. भावजयीच्या खड्ड्याला परवां चुना फांसला. तिनें यंदा पुन्हां पंचवीस हजारच सांगितले आहेत. गटाचे तीन हप्ते राहिले आहेत. म्हशींना पाणी पिण्यास कांठाची एक बाजू मोकळी ठेविली आहे. पुतणीनें दोन्ही हौद नुसत्या पाण्यानें धुवून ठेविले आहेत व वहीचें नवें पान आंखलें आहे. बैठकीच्या दिवशीं ती वही मी बरोबर घेऊन येईन.